काठापासून चाळीस मीटर

भूगोल विभागात पाठीमागे सगळे त्यांना टेपबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि राग येण्याऐवजी थोडा तोराच होता. उपग्रहाच्या चित्रांवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्यांची त्या भर वर्गात बिनपाण्याने हजामत करत. "वरून काठ दिसतो, माणसं खाली राहतात. मोजायचं तर तिथे जा," हे दरवर्षी पहिल्याच तासाला ठरलेलं. स्वतः मात्र गुडघ्यांनी दगा दिल्यापासून नऊ वर्षं तिथे फिरकल्या नव्हत्या.

'तिथे' म्हणजे समुद्राकाठच्या कड्यावर, थोरल्या भावाच्या वस्तीत. भावाच्या घराच्या बाजूच्या अंगणात, कड्याच्या काठापासून बरोबर चाळीस मीटरवर, बाईंनी सिमेंटचा खांब पुरला होता. खांब आणि काठ यांतलं अंतर जितकं घटेल, तितका कडा समुद्राने खाल्ला. गुडघे गेल्यावर भाऊ मोजायचा आणि फोनवर आकडा सांगायचा. कधी चाळीस, कधी त्याहून दोन बोटं कमी. बाई लिहायच्या, कडा स्थिर. सरकारी समितीलाही त्यांनी तेच छातीठोकपणे सांगितलं. स्थलांतराच्या यादीतून वस्ती गळाली. बाकीच्या तीन वस्त्यांना आत, पक्क्या जमिनीवर घरं मिळाली.

मग एम.ए.च्या एका मुलीने उपग्रहाची जुनं-नवं अशी दोन चित्रं टेबलावर ठेवली. तोंड उघडायची तिची हिंमत नव्हती. नऊ वर्षांत कडा एकतीस मीटर मागे आला होता. बाईंनी आधी तिला झापलं, मग दार लावून स्वतः तीनदा मोजलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.

खांब अंगणात नव्हता. तो रस्त्यापलीकडे उभा होता. दादाने हाताला धरून कौतुकाने तिथे नेलं.

"दरवर्षी उपटायचा, मागे आणायचा, घट्ट पुरायचा. मगच मोजायचो. काठापासून चाळीस मीटरवर पाहिजे, असं तूच म्हणाली होतीस ना? तुझ्या कामात खोट नको."

ओरडणार तरी कुणावर? सत्तरीतला माणूस बहिणीच्या कामापायी कंबर मोडून खड्डे खणत होता.

"दादा, समुद्र आत येताना तुला दिसत नव्हता?"

"दिसत होता की. पण तू म्हणतेस कडा ठीक आहे, म्हणजे थांबेल कुठेतरी, असं धरून चाललो. यादीत घ्या म्हणून शेजाऱ्यांनी अर्ज केला, त्यावर मी सही नाही केली. बहिणीच्या विरुद्ध कशी करायची?" मग जरा चाचरत म्हणाला, "आता घालशील ना आमचं नाव?"

"यादी बंद झाली. चूक माझी आहे, दादा."

बाईंनी टेप काढला आणि घराच्या मागच्या भिंतीपासून काठापर्यंत मोजलं. सहा मीटर भरले.

"किती दिवस?" दादाने विचारलं.

"दोन वर्षंसुद्धा नाहीत."

दादा पायरीवर बसला. वहिनी पुढच्या दाराशी बादलीत भांडी विसळत होत्या, कारण मागे न्हाणीघर उरलंच नव्हतं.

"वन्सं," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा फोन यायचा तेव्हा मी शेजारीच बसलेली असायचे. आकडा मिळाला की ठेवून द्यायचात. न्हाणीघर गेलं त्याच दिवशी आला होता तुमचा फोन."

"मग सांगितलं का नाहीत, वहिनी?"

"विचारलंत कुठे?"

बाईंनी आठवून पाहिलं. एकेका वर्षाचा आकडा दशांशापर्यंत आठवला. घर कसं आहे, हे मात्र त्यांनी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.