नर पपई

“फुलं पाहा कशी लोंबून राहिली. फळ एक नाही!” ललिताबाई बोलत होत्या पपईबद्दल आणि बघत होत्या सुनेकडे.

लाखनीतल्या त्यांच्या परसात दर रविवारी प्रार्थनासभा भरते. ललिताबाईंना झाडापानांत देवाचे धडे सापडतात. शेवगा मोडला की गर्वाचा धडा, पेरूला कीड लागली की पापाचा. धडे ढीगभर, विद्यार्थिनी मात्र एकच, रेणू. लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नाही, म्हणून कायम पहिल्या बाकावर.

रेणूच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. दोष निघाला नव्हता. आता नवऱ्याला घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगितलं, तर जीवन ताटावरून उठला होता. “माणसाचं काय तपासाचं असते?” ही गोष्ट ललिताबाईंनी प्रार्थनेत कधी सांगितली नाही.

सभा घेणाऱ्या पास्टर प्रवीणना विषय आयताच मिळाला. येशूच्या दाखल्यातल्या, फळ न देणाऱ्या अंजिराची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. माळ्याने मालकाकडे त्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतलं होतं, तेवढं मात्र सोयीने गाळलं. “वांझ झाड जागा अडवते,” ते म्हणाले. “मंग ही पपई ठेवाची का कापाची?”

“कापाची!” ललिताबाई म्हणाल्या. बायांनी माना डोलावल्या. एकीने तर रेणूच्या पोटाकडे बघून सुस्कारा सोडला. असल्या सुस्काऱ्यांसाठी देवाने वेगळा नरक ठेवायला हवा.

रेणू उठली. “ही नाही जी. हा आहे.”

“काय?”

“तुम्ही कवापासून ही पपई, ही पपई करून राहिले. हा नर आहे. अशी लांब देठाची फुलं नराले येतात. त्याले फळ कसं लागन? आमच्या माहेरी, सिहोऱ्यात लेकरायलेही समजते.”

तिने कोणाचं नाव घेतलं नव्हतं. तरी सगळ्यांच्या नजरा एकदम जीवनकडे वळल्या.

“जीवन, कुऱ्हाड आण!” ललिताबाई कडाडल्या.

रेणू त्याच्यासमोर गेली. “एकदा सांगा ना जी या साऱ्यायले. डॉक्टर काय म्हणाले ते सांगा. मंग कापा.”

जीवनने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुऱ्हाड आणली आणि दोन घावांत झाड आडवं केलं. पपईचं पोकळ खोड ते, त्याला कुठली मर्दुमकी लागते!

“हिचं मन कठीण झालं,” पास्टर हळहळले. “सगळे डोळे मिटा. हिच्याकडे हात करा.”

सगळ्यांनी डोळे मिटून रेणूकडे हात पसरले. जीवननेही. प्रार्थना चांगलीच लांबली. पास्टरांनी बायबलातल्या, उशिरा कूस उजवलेल्या बाया एकेक करून घेतल्या: सारा घेतली, राहेल घेतली, हन्ना घेतली. ललिताबाई हुंदके देऊन रडल्या. शेवटी मोठ्याने आमेन म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले.

हात अजून पुढेच होते. समोर कोणी नव्हतं.