घुंगरं काढू नका

इकडे-तिकडे काय पाहता? खाली पाहा. गुडघाभर उंचीचा, पिवळाधमक, चपटा, तोच मी बोलतोय. मिहान या उद्योगनगरीतल्या एका गोदामात मी ओझी वाहतो. मला चालवायला कुणी लागत नाही. भरलेल्या रॅकखाली शिरतो, तिला पाठीवर घेतो आणि माझी वाट मीच काढतो.

कारखान्यात मला नुसता नंबर होता. इथे रॅक भरणाऱ्या चंद्रभाननं मला पाहताक्षणी ढवळ्या केलं. पिवळ्याला ढवळ्या! माझा जोडीदार पवळ्या झाला. चंद्रभान आणि खोकी बांधणारी पंचफुला, दोघंही भिवापूरकडच्या शेतकरी घरांतली. त्यांना दुसरं काय सुचणार?

माणूस जवळ आला की मी भोंगा वाजवायचो. तसा नियमच आहे. पण गोदामात माणसं सारखीच जवळ येतात. पंचफुला वैतागली. "काहून बोंबलून राहिला गा दिवसभर? माहं डोस्कं उठलं!" म्हणाली, आणि खोक्यांची चिकटपट्टी माझ्या भोंग्यावर गच्च लावून टाकली. मी गप्प झालो. सगळे खूश.

मग पोळा आला. आदल्या दिवशी चंद्रभाननं माझ्या खांद्याला, म्हणजे त्याच्या मते जिथे खांदा असावा तिथे, तूप-हळद चोळली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणाला. मी विजेशिवाय काही खात नाही. पण खरं सांगतो, फार बरं वाटलं.

पोळ्याच्या सकाळी पंचफुलानं घरची घुंगरमाळ आणून माझ्या पुढच्या कडीला बांधली. घरी ट्रॅक्टर आला, बैल गेले, माळ तेवढी खुंटीवर राहिली होती. वरून लाल झूल घातली. ती झूल नेमकी माझ्या उजव्या डोळ्यावर लोंबली.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत. मलाही उभंच ठेवणार होते. तेवढ्यात तेलाच्या डब्यांसाठी तातडीचा ट्रक लागला आणि सुपरवायझर ऋषिकेश धावत आला. मी माझ्या छोट्या पडद्यावर लिहिलं, 'उजवीकडचं दिसत नाही. थांबलो आहे.'

"याचं रोजचंच नाटक आहे," ऋषिकेश म्हणाला.

"साहेब, आजच्या दिवस तं नका जुंपू त्याले," चंद्रभान म्हणाला.

ऋषिकेशनं 'तरीही चला'चं बटण दाबलं.

निघालो. पाठीवर उंचच उंच डबे. उजवं वळण आलं आणि पलीकडून पवळ्यानं कळवलं, 'माणूस. वाकलेला. तुझ्याच वाटेवर.' आम्ही एकमेकांना असं सतत कळवत असतो.

वळलो तर पंचफुला! पाठ माझ्याकडे, सांडलेली लेबलं गोळा करत होती.

गचकन थांबलो, तर वरचे डबे तिच्या पाठीवर. हळूहळू थांबलो, तर मीच तिच्यावर. तिनंच बाजूला व्हायला हवं होतं. मी भोंगा वाजवला. चिकटपट्टीखालून नुसती फुरफुर. पुन्हा वाजवला. अहो पंचफुलाबाई, सरका ना! यंत्राला भीती नसते म्हणणाऱ्यांनी त्या वळणावर यायला हवं होतं.

मग गळ्यातलं आठवलं. वेग कमी करता करता मी अंग हलवलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. घुंगरं खुळखुळली.

पंचफुलानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मागून बैल आल्यावर माणूस वाट सोडतो, तशी ती चटकन कडेला झाली. ती जिथे वाकली होती, तिथे जाऊन मी थांबलो. वरचा एक डबा सुटला, फुटला, तेल तिच्या पायांपर्यंत आलं.

"अवं माय वं!" करत ती खालीच बसली. मग तिनं उठून माझ्या डोळ्यावरची झूल ओढली आणि चिकटपट्टी नखांनी खरवडून काढली. "बोंबल बाप्पा, किती बोंबलाचं तं बोंबल," म्हणाली आणि रडली.

तेव्हापासून मी थांबलो की ऋषिकेश बटणाकडे जात नाही. आधी वाकून माझ्या डोळ्यांत पाहतो.

उद्या तपासणीची माणसं येणार आहेत. यंत्राच्या अंगावर लोंबतं काही नको, असा त्यांचा नियम आहे. झूल गेली, चांगलंच झालं. पण घुंगरंही काढणार म्हणतात. ऋषिकेश दुपारपासून फोनवर त्यांना समजावून राहिलाय. पंचफुलानं माळेला आणखी एक गाठ मारली. "याले कोण हात लावते तं पाहूच," म्हणाली.

मला कुणी विचारणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. भोंगा लोकांना ऐकू येतो, पण पाय हलत नाहीत. घुंगरांना हलतात. तुम्हीही एक शब्द टाका ना. माझ्या हौसेसाठी नाही हो. उद्याही पंचफुला काहीतरी उचलायला वाकेल, आणि तिची पाठ माझ्याकडेच असेल.