समाधानाचा कागद

"हे काय फासलंय?"

नर्सबाईनं पट्टीचा शेवटचा वेढा सोडला आणि कापूस नाकाशी नेला. ओट्यावर पाय पसरून बसलेल्या म्हाताऱ्यानं मान फिरवून गोठ्याकडं बघितलं.

"बाबा, मी तुम्हाला विचारतेय. हे काळं काय आहे?"

"वंगण आहे. पंपाचं."

"जखमेत?"

"मग काय, डोक्याला लावू? रोज मक्याला पाणी द्यायचं म्हणजे चिखलात उभं राहावं लागतं. पंपाच्या बेअरिंगला वंगण भरलं की थेंब आत जात नाही, चाळीस वर्षं बघतोय मी. लोखंडाला चालतं ते कातड्याला का चालू नये?"

गावात या म्हाताऱ्याला 'करवत' म्हणत. येताना कापतो, जातानाही कापतो. बायको होती तोवर तिच्या हातचं कधी गोड मानलं नाही, ती गेल्यावर सुनेच्या हातचंही नाही. पण नर्सबाई तरी कुठं लोण्याचा गोळा होती? आरोग्य केंद्रातून स्कूटरवर यायची, सात गावांच्या जखमा धुवायची आणि तोंड असं चालवायची की औषधापेक्षा तेच जास्त झोंबायचं. कुंपणाशी चार बायका उभ्या होत्या. त्यांच्या देखत तिनं म्हाताऱ्याला सोलून काढलं.

"अंगात साखर मुरलेली, तळव्याला बोट जाईल एवढं भोक, आणि हा शहाणा त्यात वंगण भरतोय! पाय गेला म्हणजे सुनेच्या खांद्यावर बसून शेतात जाणार का?"

"दुखत नाही मला. काही होत नाही त्याला."

"दुखत नाही हेच तर वाईट! पायाला समज उरली नाही. तुमच्यासारखंच झालंय त्याचं."

बायका फिस्सकन हसल्या. म्हाताऱ्याचा चेहरा विटेसारखा लाल झाला. सून दारात पाण्याचं पातेलं धरून उभी होती. तिलाही हसू आलं होतं, पण तिनं ते गिळलं.

आठवड्यानं केंद्राचा पाहणीवाला साहेब आला. हातात कागदांचा गठ्ठा. नर्सबाईच्या कामाबद्दल समाधानी की असमाधानी, दोन चौकोन, एकात खूण करायची. म्हाताऱ्यानं पेन असं दाबलं की कागद फाटला. आणि तो एकटाच नव्हता. तंबाखू सोडायला लावली म्हणून न्हावी चिडलेला, मागितलं की इंजेक्शन टोचत नाही म्हणून गिरणीवाली चिडलेली. बारा घरांनी असमाधानी लिहून दिलं. पंधरा दिवसांत नर्सबाईची फेरी बंद झाली आणि तिला केंद्राच्या खिडकीत नावं लिहायला बसवलं.

"जिरली!" म्हातारा म्हणाला. त्या दिवशी त्यानं भाकर जास्त खाल्ली.

नवी आली ती पोरसवदा, बोलायला साखरेची पुडी. तिच्या गळ्यात आधीच नऊ गावं होती, त्यात ही सात आणखी. "बरं वाटतंय ना बाबा?" म्हणायची. हा "हो" म्हणायचा. ती वरून पट्टी चाचपायची, नवा वेढा चढवायची आणि स्कूटरला किक मारायची. म्हातारा खूश. सकाळी वंगण, वरून पट्टी, आणि दिवसभर मक्यात पाणी.

तीन आठवड्यांनी सुनेनं नाकाला पदर लावला.

"मामंजी, वास येतोय."

"गोठ्याचा असेल."

"गोठा मी आत्ताच झाडलाय. तुमच्या पायाचा येतोय." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं सासऱ्याचं न ऐकता त्याची पट्टी सोडली. करंगळी कोळशासारखी काळी पडली होती. तो वाकून बघत राहिला. स्वतःचंच बोट, आणि दुखत कसं नाही? 

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्याला केंद्रावर नेलं. खिडकीत नर्सबाई होती. रांग तशीच टाकून ती बाहेर आली आणि पायाकडं एक नजर टाकून डॉक्टरला हाका मारायला लागली. म्हाताऱ्याला वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. "घ्या, पाडून घेतलात ना पायावर धोंडा," एवढंच बोलली आणि त्याच्याबरोबर मोठ्या दवाखान्याच्या गाडीत चढली.

बोट गेलं, पाय वाचला. घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं, "दोन महिने रोज जखम उघडून धुवायची. जाणत्या हातानं. नाहीतर पुढच्या वेळी घोट्यापासून कापावा लागेल. आणि अजिबात चालायचं नाही."

जाणता हात खिडकीत नावं लिहीत होता.

म्हातारा दहा दिवस खाटेवर पडून होता. नवी पोर येईल त्या दिवशी जमेल तसं धुवायची, पण रोज कुठून येणार बिचारी? तेवढ्यात साहेब पुन्हा कागद घेऊन हजर.

"ती जुनी पाठवा," म्हातारा म्हणाला.

"बाबा, तिच्याबद्दल तुम्हीच तक्रार केलीत. बारा घरं असमाधानी आहेत."

"आहेच असमाधानी! तोंडाळ आहे, उर्मट आहे, चारचौघांत इज्जत काढते. लिहा तसं. आणि तिलाच पाठवा."

"असं लिहायला कागदावर जागा नाही. समाधानी किंवा असमाधानी. आणि तुमच्या एकट्याच्या लिहिण्यानं फेरी बदलायची नाही. बाराही घरांनी बदलून द्यायला हवं. मी आज दुपारपर्यंत गावात आहे."

बारा कोरे कागद खाटेवर ठेवून साहेब चावडीत जाऊन बसला. सून पाणवठ्यावर गेली होती. म्हाताऱ्यानं कागदांकडं बघितलं, पायाकडं बघितलं, घोट्यावर हात ठेवला. मग कोपऱ्यातली काठी ओढली आणि उठला.

त्या दिवशी गावानं जे बघितलं ते कुणाला सांगून पटायचं नाही. करवत घरोघर समाधान मागत फिरत होती!

"तुला शिव्या दिल्या तिनं?" त्यानं न्हाव्याला विचारलं.

"दिल्या की. तंबाखूवरून."

"आता खोकतोस?"

"कमी झालाय."

"मग कर खूण. इथं. समाधानी."

"पण काका, मी समाधानी नाही."

"मी तरी कुठं आहे? कर म्हणतो ना!"

गिरणीवालीनं आढेवेढे घेतले, तर तो तिच्या दारातच ठाण मांडून बसला आणि गिऱ्हाईकं परत जायला लागली. तिनं कपाळाला हात लावून खूण केली. बाराव्या घरी पोचेपर्यंत पायातली चप्पल चिकट झाली होती. त्याला कळलंही नाही. दुखत नव्हतं ना.

चौथ्या दिवशी स्कूटर दारात थांबली. नर्सबाईनं पेटी ठेवली आणि पट्टी सोडली. टाके उसवले होते. मातीचे कण आत गेले होते.

"कुठं गेला होतात?"

म्हाताऱ्यानं गोठ्याकडं मान फिरवली.

"मामंजी बारा घरं हिंडले," सून म्हणाली. "तुमची फेरी परत यावी म्हणून."

झालं! नर्सबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अक्कल गहाण टाकलीय का? माझ्यासाठी पाय फाडून घ्यायला मी सांगितलं होतं? निरोप धाडला असता तर कामावरून सुटल्यावर आले असते मी! रोज आले असते! आता दोनाचे चार महिने झाले, कळतंय का? चार महिने! समाधानी म्हणे! कुणाला हवंय तुमचं समाधान?" बोलता बोलता तिचे डोळे भरले, त्याचाही तिला राग आला आणि ती आणखी जोरात ओरडायला लागली. हात मात्र हळू चालले होते. एकेक कण ती चिमट्यानं वेचून काढत होती.

कुंपणाशी बायका जमल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

म्हातारा सगळं ऐकून घेत होता. ती मघापासून उकिडवी बसली होती, गुडघे दुखत असणार. त्यानं चांगला पाय आखडून घेतला आणि ओट्यावर हातानं जागा झाडली.

"वर बस," तो खेकसला. "शिव्या बसूनही देता येतात."