चौकटीतलं नाव

बारामतीतल्या एका लहानशा लॅबमध्ये कॉम्प्युटरला रक्ताचा कर्करोग ओळखायला शिकवायचं काम स्वरालीकडं आलं होतं. काचपट्टीवरच्या रक्ताचे फोटो उघडायचे, वाईट पेशीभोवती चौकट आखायची आणि चौकटीवर नाव टाकायचं. डॉक्टर त्या पेशीला ब्लास्ट म्हणत. पण पडद्यावरचा तो शब्द वाचून पेशंट घाबरायचे, म्हणून स्वरालीनं आपलं साधं मराठी नाव टाकलं, नकोशी. कॉम्प्युटर पोपटासारखा शिकला आणि पुढं आपणच चौकटी काढू लागला.

मग कऱ्हाटीची एक बाई आली. अंगात बारीक ताप, सोबत सासू पुतळाबाई.

"नाव काय?" स्वरालीनं विचारलं.

"नकोशी," सासूनंच सांगितलं. "चौथी पोर झाली म्हनून ठिवलंय. हाय ते हाय."

तिच्या रक्ताच्या फोटोवर एकजात सगळ्या पेशींना चौकटी पडल्या. फोटोवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. सूक्ष्मदर्शकाखाली तर रक्त अगदी स्वच्छ दिसत होतं.

"काय दाखवतंय?" डॉक्टरांनी आतून विचारलं.

"नकोशी," स्वराली म्हणाली.

"ओ," बाकावरून पेशंटनं ओ दिली. सगळे हसले, आणि डॉक्टरांनी डोळ्यांना दिसलं त्यावर सही केली.

कारखान्याचा हंगाम संपता संपता ती बाई परत आली, सासूच्या खांद्याला धरून. आता त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत होत्या, गच्च.

"तवा तर काय न्हाय म्हनला हुता," पुतळाबाई म्हणाली. "मशिनीला म्हाईत हुतं व्हय?"

स्वरालीनं त्या नंबरचा जुना फोटो पुन्हा उघडून पाहिला. भीती मनात घर करून बसली. आताशा तिलाही जिना चढताना दम लागायचा. शेवटी सगळे जेवायला गेल्यावर तिनं स्वतःचं रक्त काचपट्टीवर घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिनं कानाकोपरा पाहिला. काही म्हणजे काही नव्हतं. जीव भांड्यात पडला. तरी राहवेना, म्हणून तिनं फोटो कॉम्प्युटरला दिला.

इंदापूरच्या शाळेत दाखल करताना गुरुजींनी तिचं नाव बदलून स्वराली केलं होतं. आधीच्या नावानं फक्त आई हाक मारायची, आणि आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. लॅबमध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पडद्यावर पहिली चौकट उमटली, मग शेजारची, मग सगळ्याच. प्रत्येकीवर तेच नाव.

आणि त्या रिकाम्या खोलीत स्वरालीच्या तोंडून नकळत ओ गेली.