कोरं पाणी

माझ्या बापाइतका हुशार माणूस मी पाहिला नाही, आणि पुन्हा पाहायला न मिळो.

मी नकाशे काढते. किनाऱ्यालगतच्या समुद्रातून मालवाहू जहाजं कुठून जातात त्याची नोंद गोळा करायची, प्रत्येक जहाजाची एक रेघ ओढायची, आणि रेघा दाट होतील तिथून जहाजांचा कायमचा रस्ता आखायचा. एकदा रस्ता ठरला की त्यात जाळं टाकायला बंदी. म्हणून यंदा मच्छीमारांच्या होड्यांवरही यंत्रं बसवली. होडी कुठे आहे ते यंत्र आपोआप कळवतं. जिथे होड्या दिसतील ते पाणी सोडून रस्ता वळवायचा, असं ठरलं होतं.

बाबांच्या होडीवर यंत्र मीच बसवून घेतलं.

"बाबा, हे बंद करू नका. नकाशात दिसलात तर वाचाल."

"आणि तुझ्या काकाला दिसलो तर?"

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. दोघांच्या होड्या शेजारीशेजारी, बोलणं मात्र माझ्या जन्माआधीपासून बंद. बाबांची एक जागा होती. खोल पाण्याखाली खडक, आणि त्याच्याभोवती वर्षभर मासळी. तो कुठे आहे हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आई विचारून विचारून गेली. मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, "तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. खडक काय सासरी नेणार?" माझं शिक्षण, लग्न, आईची औषधं, सगळं त्या खडकानेच निभावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर बाबा धक्का सोडला की यंत्र बंद करायचे आणि परत धक्क्याला लागल्यावर चालू. माझ्या पडद्यावर त्यांची होडी कधी समुद्रात गेलीच नाही. मी भांडले, रडलेसुद्धा. "बॅटरी उतरते गं," हे ठरलेलं उत्तर. बाबांचे ठिपके अंदाजाने घालू का, असं साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "अंदाजाने ठिपके काढायला लागलो तर उद्या तुमची आत्यापण समुद्रात दिसेल."

सुनावणीच्या दिवशी सभागृहात भिंतीवर नकाशा लावला. जहाजांच्या रेघा लाल, होड्यांचे ठिपके हिरवे. काकांचं पाणी हिरवंगार. लाल रस्ता त्याला वळसा घालून एका कोऱ्या तुकड्यातून जात होता.

"या भागात कुणी जाळं टाकतं का?" मी विचारलं. "आत्ता सांगितलंत तर रस्ता सरकवता येईल. सही झाली की संपलं."

बाबांकडे बघून मी पुन्हा विचारलं. ते नकाशा सोडून छताचा पंखा बघत होते. तेव्हा पुढच्या रांगेतून काका मागे वळले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "काय रे, तुझं काही आहे का तिकडे?"

"तिकडे काय असणार? नुसतं पाणी," बाबा म्हणाले.

सही झाली.

दारात काकांनी मला गाठलं. "छान नकाशा काढलास, पोरी. बापाच्या खडकावरूनच जहाजं नेलीस."

"तुम्हाला माहीत होता?"

"सगळ्या बंदराला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या खडकावर जाळं टाकायचं नाही, ही आपली रीत. म्हणून कुणी गेलं नाही."

"मग आत बोलला का नाहीत?"

"खडक त्याचा. तो म्हणतो नुसतं पाणी. चार माणसांत भावाला खोटं पाडू?" आणि ते चपला शोधायला लागले.

बाबा फाटकाशी उभे होते, खुशीत. "बघितलंस? शेवटपर्यंत त्याला पत्ता लागू दिला नाही. बंदी राहू दे कागदावर. यंत्र बंद करून जाईन गुपचूप."

मला त्यांची कीव यायला हवी होती. मला राग आला, आणि त्यांना लागावं म्हणूनच मी बोलले. "काकांना माहीत आहे, बाबा. सगळ्या बंदराला माहीत आहे, कधीपासून."

त्यांनी फाटकाची कडी खाडकन आपटली. मग माझ्यावरच उसळले. "मग तू का नाही बोललीस? नकाशा तर तुझ्याच हातात होता."

"मला कुठे माहीत होतं?" मी म्हटलं. "सगळ्या बंदरात मला एकटीलाच माहीत नव्हतं."