गळपट्टीखालच्या कड्या

नांदगाव खंडेश्वरला नत्थुजींच्या देवघरात, सागवानी पेटीत एक जुनं चिलखत आहे. दसऱ्याला ते बाहेर निघतं, जवसाच्या तेलाचा हात फिरतो, हळदकुंकू लागतं आणि पुन्हा पेटीत जातं. म्हणूनच ते गंजलं नाही. कुणाचं, किती पिढ्यांमागचं, हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. नत्थुजी म्हणतात, "आमच्या आज्याच्या आज्याचं असन. म्या एकदा घालून पाह्यलं तं खाली बसलो अन् उठताच नाई आलं."

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी अमरावतीच्या एका लहानशा संग्रहालयाच्या कामात पडले. तिथे जुन्या हत्यारांचं नवं दालन उघडायचं होतं. खरं चिलखत कोण देणार? देवघरातली वस्तू कुणी काढून देत नाही, आणि द्यावी असं मलाही वाटत नाही. मग ठरलं, की नत्थुजींच्या चिलखताची हुबेहूब नक्कल करायची. ती समितीला पसंत पडली तर तशीच आणखी आठ आणि वर जिरेटोप. मोजून-मापून टिपण काढायचं काम माझं, आणि त्यावरून चिलखत करायचं काम अकोल्याच्या कुर्बानभाईंचं.

कुर्बानभाईंचं दुकान जुन्या शहरात. वडिलांपासून वखराच्या पासा, डवरे, तिफणीचे फण अशी शेतीची अवजारं करायचं काम. पण कापसाची ती वाईट वर्षं होती. पेपर उघडला की रोज एखाद्या गावाचं नाव. अशात नवा वखर कोण करून घेतो? त्यांची भट्टी आठवड्यातून दोनदा पेटायची. त्यांचा मेहुणा शाहनवाज वरूडला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायच्या कारखान्यात होता आणि सारखा बोलवत होता.

"वरूडले जाऊन वेल्डिंग मारीन तं पोट भरन," कुर्बानभाई मला म्हणाले होते. "पन मंग ह्या हातोड्याचं काय करू? बाई, हे काम पास झालं ना, तं मी अकोला सोडत नाई. शाहनवाजले सांगून देल्लं, थांब म्हणून."

त्यांची बायको, आमिनाभाभी, आतूनच म्हणाल्या, "राजा का कोट बना रहे हैं, और खुद की बनियान में सात छेद!"

"थे बी चिलखतच हाय," कुर्बानभाई म्हणाले. "हवा खेळते."

नत्थुजींकडे मी श्रावणात गेले होते. भिंग, पट्टी, वही घेऊन देवघरात दोन दिवस बसले. लांबी, घेर, तारेची जाडी, एका कडीत चार कड्या कशा ओवल्यात, सगळं लिहिलं. बाहेरून दिसणाऱ्या कड्यांची टोकं नुसती एकमेकांना भिडवलेली होती, ती टोकं एकत्र ठोकणारं बारीक खिळ्यासारखं रिबीट कुठेच नव्हतं. तेही लिहिलं. राहिली फक्त गळपट्टी. मानेभोवती चार बोटं रुंद चामड्याची पट्टी, आतल्या कड्यांवर टाचलेली, एका बाजूनं सुटलेली. ती उलटली असती तर खालच्या ओळी दिसल्या असत्या.

चातुर्मासात मी चामड्याला हात लावत नाही. सासूबाईंनी घालून दिलेला नेम, तीस वर्षांत मोडला नव्हता. चपला रबरी, पिशवी कापडी, घड्याळाचा पट्टासुद्धा त्या चार महिन्यांत काढून ठेवते. नत्थुजींच्या सुनेला हाक मारली असती तर तिनं पट्टी उलटून दाखवली असती. पण ती चुलीपाशी होती, मला पाचची एसटी गाठायची होती, आणि मनात आलं, चार बोटांत वेगळं काय असणार?

टिपण घेऊन अकोल्याला गेले तेव्हा कुर्बानभाईंनी नमुन्याच्या पाच-सहा कड्या करून ठेवल्या होत्या. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला. मग एक कडी घेतली आणि नुसत्या नखानं उघडून दाखवली.

"पाहा बाई. रिबीट नाई तं हे असं होते. भाल्याचं टोक लागलं का सारं उसवलं. जीव वाचवाचं कपडं कोनी असं करते का?"

"आहे ते तसंच आहे, कुर्बानभाई. मी भिंगातून पाहिलंय."

"वरून पाह्यलं असन. अन् थ्या चामड्याच्या खाली? उलटून पाह्यलं?"

मी "हो" म्हणाले.

खरं सांगायचं तर माझ्या तोंडात दुसरं वाक्य आलं होतं. 'मी चामड्याला शिवत नाही' हे ते वाक्य. त्या गल्लीत शेजारची दोन घरं कातड्याच्या व्यापारातली. असली वाक्यं त्या लोकांनी कुणाच्या तोंडून, कशा सुरात ऐकली असतील ते मला ठाऊक होतं. समोर आमिनाभाभींनी नुकताच चहा ठेवलेला. मला त्यांचं मन दुखवायचं नव्हतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण मन न दुखवायचे शंभर मार्ग होते, आणि मी नेम झाकायला खोटं बोलले.

"तुमी पाह्यलं म्हणता तं संपलं," ते म्हणाले. "म्या माह्या अकलेनं करतो तं रिबीटच मारतो. पन नक्कल म्हंजे नक्कल."

तार सळईवर गुंडाळायची, छिन्नीनं कापायची, एकेक कडी पक्कडीनं ओवायची. अशा चौदा हजार कड्या. कार्तिकात मी गेले तेव्हा छातीपर्यंतचा भाग झाला होता. बोटांना चिंध्या बांधलेल्या. माझा नेम कार्तिकी एकादशीलाच सुटला होता. नांदगाव अमरावतीहून तासाभरावर, जाऊन पट्टी उलटून येता आली असती. मी गेले नाही. उलटली आणि खाली वेगळं निघालं, तर त्या सहा हजार कड्यांचं काय सांगणार होते मी त्यांना? न बघितलेलं बरं, असं वाटलं.

फाल्गुनात समिती बसली. सोमवारी. सोमवारी माझं दिवेलागणीपर्यंत मौन असतं, हे समितीतल्या सगळ्यांना माहीत आहे. फारच अडलं तर लिहून दाखवायला पिशवीत पाटी-पेन्सिल ठेवते.

कुर्बानभाई चिलखत बैलाच्या झुलीसारखं खांद्यावर टाकून आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. टेबलावर ते पसरलं तेव्हा संग्रहालयाचे अध्यक्ष केशवराव "वा!" म्हणाले. पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी गळ्याच्या कड्या चिमटीत धरून पाहिल्या आणि बॅगेतून फोटो काढले. आदल्या दिवशी, रविवारी, ते नांदगावला जाऊन आले होते.

"मूळ चिलखताच्या गळपट्टीखाली चार ओळी रिबीटच्या आहेत," ते म्हणाले. "म्हणजे सगळं चिलखत मुळात रिबीटचंच होतं. खालच्या कड्या नंतरच्या डागडुजीच्या. यांनी ती डागडुजी तेवढी उचलली. सोपी पडते ना."

केशवरावांचा चेहरा उतरला. "कुर्बानभाई, मेहनत वाचवली होय तुम्ही?"

"म्या?" कुर्बानभाईंचा आवाज चढला. "म्या तं सुरुवातीलेच म्हटलं का रिबीट पायजे! कागदावर नाई, म्हणून नाई मारलं. कागद दुकानात हाय माह्या."

"जरा हळू बोला," तज्ज्ञ म्हणाले.

"हळूच बोलून राह्यलो जी. आमचं हळू असंच असते." ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमी सांगा ना यायले. तुमीच म्हटलं ना, पट्टी उलटून पाह्यली म्हणून?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. पाटी मांडीवरच्या पिशवीत होती. वरून हाताला लागत होती. तीन शब्द लिहायचे होते, 'चूक माझी आहे.' मी खाली बघत राहिले.

केशवराव म्हणाले, "अहो, आज सोमवार. बाईंचं मौन असतं."

कुर्बानभाई एकदम नरमले. दोन्ही हात वर केले. "असं हाय का? मंग राहू द्या, राहू द्या. मले मालूम नव्हतं. उपास-रोजा कोनाचा मोडू नाई. बाई, माह्यासाठी नोका बोलू."

केशवरावांनी मग हळूच सांगितलं, की काम छान आहे, पण संग्रहालयाच्या कामात असं चालत नाही, पुढची आठ पुण्याकडच्या कारागिराकडून होतील. कुर्बानभाईंनी चिलखताची घडी केली. घडी नीट बसेना, एकसारखी घसरत होती. मी उठून एक टोक धरू शकले असते. त्याला मौन आड येत नव्हतं.

दिवेलागणीला देवापाशी बसले, जीभ मोकळी झाली, आणि पहिला शब्द काय उच्चारावा ते सुचेना. दुसऱ्या दिवशी अकोल्याला जायचं ठरवलं. मग होळी आली, मग पाहुणे आले. महिना गेला. गुढी उतरवल्यावर गेले.

कुर्बानभाई दुकानातली ऐरण गोणपाटात बांधत होते.

"कुर्बानभाई, मी पट्टी उलटून पाहिलीच नव्हती," मी उभ्या उभ्याच म्हणाले.

त्यांनी गाठ मारून पूर्ण केली. "मले समजलं थे," ते म्हणाले. "एसटीत बसल्यावर समजलं. पाह्यली असती तं तुमी कागदावर लिहून देल्लं असतं. शाळेच्या बाई तुमी, लिहाले किती वेळ लागते?"

आमिनाभाभींनी त्या दिवशी पाणी दिलं, पण समोर बसल्या नाहीत.

मी तिथूनच केशवरावांकडे गेले. माझ्या अक्षरातला कागद कुर्बानभाईंकडून मागून घेतला होता, तो पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"कुंदाताई, तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? त्या गरीब माणसाची कीव आली म्हणून सगळं अंगावर घेताय."

"नाही हो. कागद बघा. माझं अक्षर आहे."

"अहो, त्याच्यासाठी असा कागद तुम्ही आजही लिहून द्याल! तीस वर्षं नेम पाळणारी बाई खोटं टिपण करील? मला सांगू नका."

"मी त्यांच्याशी खोटं बोलले, केशवराव."

"बरं, बोललात," ते म्हणाले, जसं लहान मुलाला म्हणावं तसं. वर पुढच्या बैठकीत त्यांनी हा प्रसंग सर्वांना सांगितला. माझ्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक झालं. पुण्याकडून येणाऱ्या चिलखतांच्या पाटीवर 'संशोधन' म्हणून माझं नाव घालायचं ठरलं. मी नको म्हणाले, तेही त्यांना विनयच वाटला.

हे कुर्बानभाईंना सांगायला पुन्हा गेले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "म्हंजे तुमचं नाव अजून वर गेलं," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "एक काम करता का बाई? मले थे दाखवा. परवा वरूडले चाललो. त्याच्या आंधी एकदा डोळ्यानं पाहून घेतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदगावला गेलो. नत्थुजींनी पेटी अंगणात आणून दिली. चैत्र होता. चामड्याला हात लावायला मला काही अडचण नव्हती. मी गळपट्टी उलटली. ती अगदी हलकी होती, पापडासारखी. खाली चार ओळी, प्रत्येक कडीच्या टोकावर मोहरीएवढं रिबीट.

कुर्बानभाई गुडघ्यांवर बसले. मग म्हणाले, "पाहा. म्हटलं नव्हतं?" पण ते मला म्हणाले नाहीत, स्वतःशीच म्हणाले. आणि तशाच आवाजात विचारलं, "येवढं सोपं होतं तं काहून नाई उलटली, बाई?"

मी सांगितलं. चातुर्मास, चामडं, त्यांच्या गल्लीतली घरं, आमिनाभाभींचा चहा.

त्यांनी मान वर केली. "येवढंच?"

"एवढंच."

"मंग मले सांगाचं ना. म्या येऊन उलटून देल्ली असती. तुमी पाहात बसल्या असत्या अन् लिहिलं असतं." त्यांना खरंच नवल वाटत होतं. "तुमचा नेमबी राह्यला असता अन् माह्यं कामबी."

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी मंगळवार होता.

नत्थुजी म्हणाले, "झालं का पाहून? ठेवू का आत?"

"थांबा जी दोन मिनिटं," कुर्बानभाई म्हणाले. त्यांनी खिशातून दाभण काढलं आणि टोकानं एकेक रिबीट दाखवत मोजायला लागले. एक डोकं गोल, एक चपटं. कुठे एका बाजूनं ठोकलेलं, कुठे दोन्ही बाजूंनी. ते सांगत गेले आणि मी वहीत लिहीत गेले. आता त्या आकड्यांचा कुणालाच उपयोग नव्हता. पण त्यांनी एकही कडी सोडली नाही, आणि चौथ्या ओळीत मी एक चुकीची लिहिली तेव्हा थांबवून ती खोडायला लावली.

दुसऱ्या दिवशी ते वरूडला गेले.