पश्चात्ताप दिसून येत नाही

"रडू नका हो," अहवालबाई म्हणाल्या आणि पर्समधला स्वतःचा रुमाल त्यांनी नटापुढे धरला.

समोर बसलेला माणूस रोज संध्याकाळी घराघरांत दिसायचा. मालिकेत तो सगळ्यांना सांभाळून घेणारा थोरला भाऊ होता. प्रत्यक्षात फोनवर बोलत भरधाव गाडी चालवताना त्याने सायकलवरच्या एका रंगाऱ्याला उडवलं होतं. रंगाऱ्याचा उजवा हात कायमचा अधू झाला. नटाने गुन्हा कबूल केला होता. शिक्षा ठरवण्याआधी माणसाची वागणूक कशी, घर कसं, केल्याचं त्याला वाईट वाटतं का, हे शोधून न्यायाधीशांना अहवाल द्यायचा, हे बाईंचं काम. तेवीस वर्षं तेच केल्यामुळे कोर्टाच्या आवारात त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे.

"डोळे मिटले की ती सायकल दिसते, मॅडम," नट म्हणाला.

दाराशी अख्खं ऑफिस गोळा झालं होतं. जन्मात स्वतःचा कप न उचललेले हेडक्लार्क ट्रे घेऊन आत आले. बाईंनी त्या दिवशी तीन तास ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या नटाच्या घरी गेल्या, तिसऱ्या दिवशी रंगाऱ्याकडे, चौथ्या दिवशी नटाच्या जुन्या मास्तरांकडे. आणि हे सगळं आटोपल्यावर, नट शेवटच्या सहीला ऑफिसात आला तेव्हा, चोरी करावी तशा हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "आमच्या आईशी दोन शब्द बोलाल का? अंथरुणावरच असते हो ती."

तो फोनवर बोलला. "आई, आशीर्वाद असू द्या," म्हणाला. आईला पुढचे आठ दिवस ते पुरलं.

अहवाल नऊ पानांचा झाला.

त्याच आठवड्यात पाण्याच्या टँकरचा एक ड्रायव्हर त्यांच्याकडे आला होता. टँकर मागे घेताना त्याने एका न्हाव्याला धडक दिली होती. दोन ऑपरेशनं होऊनही न्हाव्याला त्या पायावर भार देता येत नव्हता. गुन्हा यानेही कबूल केला होता.

"केल्याचं वाईट वाटतं का?" बाईंनी घड्याळाकडे बघत विचारलं.

ड्रायव्हर खाली बघत राहिला.

"काही सांगायचंय?"

"सांगून काय, मॅडम. पाय मोडला तो मोडलाच."

बारा मिनिटांत तो गेला. न्हावी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, तारीख तर डोक्यावर आलेली. बाईंनी फॉर्म पुढे ओढला. 'जखमी व्यक्तीच्या घरी भेट दिली. विशेष काही आढळले नाही.' न जाता असं त्यांनी तेवीस वर्षांत कधीच लिहिलं नव्हतं. पेन जरासं अडखळलं, एवढंच. मग खालच्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'आरोपीच्या ठिकाणी पश्चात्ताप दिसून येत नाही.'

दोन्ही निकाल एकाच दुपारी लागले. नटाच्या वेळी न्यायाधीशांनी बाईंच्या अहवालातली दोन वाक्यं वाचून दाखवली. आरोपी मनातून खचलेला आहे, बदनामी हीच त्याला मोठी शिक्षा झाली आहे, म्हणाले, आणि चांगल्या वर्तनाच्या हमीवर त्याला सोडलं. बाहेर टाळ्या वाजल्या. गर्दी त्याच्यामागे निघून गेली आणि रिकाम्या झालेल्या खोलीत ड्रायव्हरचा पुकारा झाला. त्याच्यासाठी बाईंची एकच ओळ पुरली. एक वर्ष कैद. त्याने हात जोडले आणि तो पोलिसांमागून गेला.

मागच्या बाकावर दोन शेजाऱ्यांनी उचलून आणलेला एक म्हातारा बसला होता. बाई जवळून जाताना त्याने विचारलं, "अहवाल तुम्हीच लिहिलात?"

"हो."

"मी तो न्हावी. माझ्या घरी आलात असं आत्ता त्यातून वाचून दाखवलं. कधी आलात, बाई?"

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो खरंच आठवून बघत होता. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्याच संध्याकाळी त्या गेल्या. तीन जिने चढल्या. न्हाव्याच्या बायकोने पाणी दिलं, पण त्या पाण्याला हात लावायची बाईंची हिंमत होईना.

"रोज सकाळी सहाला तो यायचा," न्हावी सांगू लागला. "मला पाठीवर घ्यायचा, तीन जिने उतरायचा, दुकानात नेऊन बसवायचा. टँकरची पाळी संपली की परत वर आणायचा. बसून दाढी करता यावी म्हणून उंच स्टूल त्यानेच करून आणलं. सात महिने झाले."

"आणि तुम्ही येऊ दिलंत?"

"कसला येऊ देतोय! शिव्या घातल्या, तोंडावर दार लावलं. चौथ्या दिवशी ही म्हणाली, 'अहो, तो बाहेर उभाच आहे.'"

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"काय सांगणार? मी बघा किती चांगला आहे म्हणून?" न्हाव्याने दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "बाई, एक विचारू? ज्याचं नाव मोठं त्याची लाजही मोठी, असं धरतात का हो कोर्टात? ह्याला नावच नाही. मग ह्याचं काय गेलं, हे कोण बघणार?"

घरी आल्यावर आईने उशीवरून मान उचलली. "सुटला ना गं तो? तुझ्यामुळे सुटला! सगळ्या शेजारणींना सांगितलं मी."

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. नटाचे अश्रू खोटे होते असं त्यांना तेव्हाही वाटलं नाही. कदाचित त्याला सोडलं तेही योग्यच असेल. पण त्याचं दुःख ऐकायला त्यांनी चार दिवस दिले आणि दुसऱ्याला बारा मिनिटं दिली, वर खोटं लिहिलं.

"वेड लागलंय का?" दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क दबक्या आवाजात म्हणाले. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. अपिलात सुटेल की तो! झाकली मूठ झाकलेलीच बरी."

"माझ्या त्या ओळीवर कसा सुटेल?" बाई म्हणाल्या आणि अपिलाच्या कोर्टाला खरं काय ते कळवणारा अर्ज लिहायला बसल्या.

अपिलाची सुनावणी पावणेदोन महिन्यांनी झाली. एरवी बाई न्यायाधीशांच्या शेजारी उभ्या राहायच्या, त्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या.

"जखमी माणसाच्या घरी तुम्ही गेला होतात?"

"नाही."

"मोठ्याने बोला. नोंद व्हायला हवी."

"नाही," बाई म्हणाल्या. "मी गेले नव्हते. खोटं लिहिलं."

टंकलेखकाची बोटं क्षणभर थांबली. एकाच ऑफिसात अठरा वर्षं त्याने बाईंसोबत डबा खाल्ला होता.

न्हाव्याचीही साक्ष झाली. ड्रायव्हरला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्यात आलं. बाईंच्या निलंबनाचा कागद तासाभरात निघाला.

कागद घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर ड्रायव्हर सुटकेच्या सहीसाठी थांबला होता. बावन्न दिवसांत अंगाने निम्मा झाला होता. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. वाटभर त्यांनी वाक्यं जुळवली होती, चांगली, नीटस. त्यातलं एकही तोंडातून फुटेना. त्या खाली फरशीकडे बघत राहिल्या.

ड्रायव्हरने एकदा त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तो बाकावर थोडा सरकला.

"बसा, मॅडम," तो म्हणाला. "साहेब जेवायला गेलेत. वेळ लागेल."